घरचं रक्त

आई, आज मामा आला होता. गुरुग्रामच्या या हॉस्पिटलात, काठी टेकत, आपल्या मुलाला बरोबर घेऊन. तुझ्या नातीला ल्युकेमिया झालाय. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती कॉलेजात जाते, म्हणजे जायची, आणि आत्ता काचेपलीकडे झोपली आहे. डोक्यावर एक केस उरलेला नाही. थोड्याच दिवसांत तिच्या भावाच्या मूळ पेशी तिला द्यायच्या आहेत. त्या रुजल्या तर ती जगेल, नाहीतर पुढचं मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवत नाही. देवाला सांगून झालं, डॉक्टरांना तेच तेच विचारून झालं. आता तूच उरलीस, म्हणून तुला लिहितेय.

रक्त कुठे तयार होतं ते तू मला दिल्लीतल्या द्वारकेच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतंस. बाबांच्या मंत्रालयातल्या लोकांनी मिळून बांधलेली ती सोसायटी, नळाला पाणी नाही, खाली टँकरचा हॉर्न वाजला की सगळे बादल्या घेऊन पळायचे. खिडकीतून बाभळी आणि अर्धवट बांधलेले खांब दिसायचे. बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं आणि तू रोज थोडी पांढरी पडत होतीस. कुठे न आपटताच अंगावर काळेनिळे डाग उठायचे. बाबा ऑफिसच्या चार्टर्ड बसमधून उतरले की हातात बीट आणि खजूर. लोहाच्या औषधाच्या बाटल्या तर किती झाल्या! शेवटी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली, तर तिथे पेशींच्या जागी नुसती चरबी. त्या संध्याकाळी तू दही लावत होतीस. शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी तू घरी कधी शिकवायची नाहीस, पण त्या दिवशी शिकवलंस. हाडांच्या आत मूळ पेशी असतात, त्यांच्यापासूनच लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स होतात. लाल पेशी चारेक महिने टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम आठवडाभर, म्हणून हे काम रोज चालावं लागतं. मूळ पेशी मात्र आपल्यासारख्या थोड्या मागे ठेवतात, उद्याच्या विरजणासारख्या. “आणि विरजणच संपलं तर?” मी विचारलं. “तर शेजारून आणायचं,” तू म्हणालीस आणि हसलीस. तुझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

तोवर दर काही दिवसांनी तुला रक्त चढवावं लागत होतं. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर रक्त विकणारे उभे असायचे, रिक्षा ओढणारे, नशा करणारे. कोणाला कावीळ, कोणाला आणखी काय, कोण सांगणार? बाबांची झोप उडाली. मग नाशिकहून मामा आला. रक्तगट एकच. “माझ्या बहिणीला रस्त्यावरचं रक्त कशाला? घरचं आहे ना,” म्हणत तो त्या छोट्या नर्सिंग होममध्ये आडवा झाला. दोनदा रक्त देण्यात तीन महिन्यांचं अंतर लागतं, पण त्याने आधीची तारीख लपवली आणि लवकरच पुन्हा दिलं. आपल्या सगळ्यांना त्याचा किती अभिमान वाटला होता! सोसायटीतल्या काकू त्याच्यासाठी डबे पाठवत होत्या. त्या नर्सिंग होममध्ये कोणी आपल्याला अडवलं नाही.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि मामाची मज्जा तुझ्याशी पूर्ण जुळली. बाबा पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जुने कागद उलटून-पालटून पाहिले आणि विचारलं, “सगे भाई का खून किसने चढ़वाया?” मग त्यांनी समजावलं, की ज्याची मज्जा घ्यायची त्याचं, किंवा त्याच्या नात्यातलं रक्त आधी द्यायचं नसतं. शरीर ते परकं म्हणून ओळखून ठेवतं, त्याच्याशी लढायची तयारी करतं, आणि मग मज्जा आली की तिला रुजू देत नाही. “अब रिस्क बहुत ज़्यादा है जी.” पेढ्यांचा पुडा बाबांच्या हातातच राहिला. घरी येऊन मी किंचाळले, की मामानेच मारलं तुला. तू माझ्या थोबाडीत मारलीस. आयुष्यात एकदाच. “माझ्या दादाला यातलं एक अक्षर कळता कामा नये,” एवढंच म्हणालीस. रिस्क घेऊनही प्रत्यारोपण ठरलं, पण त्याची पाळी यायच्या आत साध्या तापाने तू गेलीस. लढायला पांढऱ्या पेशी होत्याच कुठे?

तुझ्या हाडांत काही बनत नव्हतं. हिच्या हाडांत नको ते बनत सुटलंय. पांढऱ्या पेशी मोठ्या होतच नाहीत, अर्धवट अवस्थेतच वाढत राहतात, गर्दी करतात, चांगल्या पेशींना जागा ठेवत नाहीत. औषधांनी सगळं मारून टाकायचं आणि मग भावाच्या पेशी सोडायच्या. मला भीती वाटते, आई.

तर मामा आला आणि बाही वर करायला लागला. मी म्हटलं, “मामा, तुझं वय बसत नाही.” तो म्हणाला, “मग ह्याचं घे. तरणाताठा आहे.” मामेभाऊ पुढे झाला. मी म्हटलं, “घरच्या कोणाचंच नको म्हणतात.” “का गं?” मग मी सांगितलं. नात्यातलं रक्त, शरीराने ओळखून ठेवणं, मज्जा न रुजणं, सगळं सांगितलं, डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं होतं तसंच. तो ऐकत राहिला. मग बाही खाली करत म्हणाला, “मग तुझ्या आईच्या वेळी?”

मी म्हटलं, “तेव्हा तसं काही नव्हतं, मामा.”

तू सांगितलेलं मी पाळलं, असं तुला लिहायला बसले होते. हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण तुला खोटं लिहवत नाही. मामाला उत्तर द्यायला मी वेळ लावला, आई. त्याच्या डोळ्यांत बघत राहिले, त्याचा चेहरा पडेपर्यंत. तो वेळ मी मुद्दाम लावला.