लुप्त झालेल्या आत्यास

बोळिंज, गुरुवार

तीर्थस्वरूप यमुनाआत्यास,

विनिताचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वांग्यांवरची कीड गेली का? आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त माझी झोप उडाली आहे. (फोनवर सांगणार होते, पण तू "पानी सोडलंय गो, मागनं बोल" म्हणून ठेवून देतेस.)

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आपल्या खाजणनाथी पंथावर एक पान आहे. त्यात म्हटलंय की दीक्षा घेणाऱ्याला मिठागरात गळ्यापर्यंत पुरतात, दारू पाजतात, जटा ठेवायला लावतात, बायकांना दीक्षा देतच नाहीत, आणि पंथ आता लुप्त झाला आहे. आत्या, तू बाई आहेस, दीक्षा देतेस, आणि परवाच वसईच्या बाजारात भेंडीच्या भावावरून भांडत होतीस! बाराखडी मी तुझ्याच ओसरीवर शिकले. चुकीचं दिसलं की खोडायची सवय तूच लावलीस. म्हणून "लुप्त" खोडून "चालू" लिहिलं. तिथल्या कल्पेश नावाच्या संपादकाने पंथ लगेच पुन्हा लुप्त केला. छापील संदर्भ हवा म्हणाला. मी कळवलं, काही लिहून ठेवायचं नाही हाच पंथाचा नियम. त्याने विचारलं, या नियमाला छापील संदर्भ आहे का?

मग मी निदान जे खोटं आहे ते पानावरून खोडू लागले. पुरत नाहीत, दारू पाजत नाहीत, जटा ठेवत नाहीत... आणि मध्येच घाम फुटला. सगळं खोटं काढून टाकलं तर उरेल ते खरं, म्हणजे गुपित मीच फोडल्यासारखं! (ते मला ठाऊक नाही, तरीही.) म्हणून जटा परत ठेवून दिल्या.

शेवटी जयवंतकाका म्हणाले, "अगं वेडे, छापीलच हवंय ना? छापून आणतो!" त्यांच्या ओळखीच्या साप्ताहिकाने अर्धं पान दिलं, तुझ्या फोटोसकट. पण वार्ताहराने मजकूर ज्ञानकोशातूनच उतरवला होता. आता तुझ्या हसऱ्या फोटोखाली तू लुप्त आहेस, आणि मिठागराला छापील संदर्भ मिळाला आहे. कल्पेशने माझे मनापासून आभार मानले.

तरी माणूस भला आहे. "लुप्त"पुढे प्रश्नचिन्ह घालायला तयार झालाय. माझा धीर त्या प्रश्नचिन्हावर टिकून आहे. गुडघ्याला जप.

तुझी,
विनिता

ता. क. कल्पेशने साधंच विचारलं, यमुनाबाईंच्या नंतर कोणी आहे का? उत्तर लिहायला बसले आणि हे पत्र झालं.

आणखी एक. बाबा म्हणतात, आपल्यात गुरू आपण होऊन दीक्षा देत नाही, घेणाऱ्याने मागावी लागते. तर आत्या, मी मागते आहे. रविवारी होळीला येऊ का? (लिहून मागणं चालत नसेल तर पत्र फाडून टाक, तोंडी मागेन.)

राहिलंच. पंथातल्या माणसाने पंथाच्या पानावर लिहायचं नाही, असा त्या ज्ञानकोशाचा नियम आहे. म्हणजे रविवारनंतर मला तिथे एक अक्षरही सुधारता येणार नाही. तिथे आपण लुप्तच राहू. पण दोघी असू.