बाईंच्या मानेवरची गाठ

बाई, तुम्ही गेलात त्या वर्षी मी रिठदच्या शाळेतून दहावी झाले. आज मी अकोल्यात डॉक्टर आहे. रोग्यांच्या गाठींचे तुकडे काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. तुमची गाठ मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती. तुम्ही फळ्यावर पेशी काढताय, पदर सरकलाय आणि कानाखाली बोराएवढं काहीतरी दिसतंय. "काय पाहून राह्यली वं? फळ्याकडं पाह्य!" मी घाबरत विचारलं, "बाई, दुखते काय?" "दुखत नाही, म्हणून तं शिकवून राह्यली. तुमची परीक्षा होऊ दे, मंग दाखवीन." परीक्षेपर्यंत ती लिंबाएवढी झाली. आमचा निकाल लागला तेव्हा तुम्ही नव्हता.

तुम्ही सांगायच्या, पेशी कामापुरतं प्रथिन बनवते आणि काम झालं की मोडून टाकते. हे मोडणंच बिघडलं तर काय, ते आमच्या पुस्तकात नव्हतं. काही लिम्फोमांत, म्हणजे लसीका गाठींच्या कर्करोगांत, पांढऱ्या पेशीला वाढत ठेवणारं एक प्रथिन मोडायचं राहून जातं, कारण त्याला मोडण्याची खूण लावणारी यंत्रणाच बिघडलेली असते. प्रथिन साठतं, पेशी थांबत नाही, गाठ होते. आम्ही काचेवर रंग टाकतो. ते प्रथिन असेल तिथं पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. तुमच्या गाठीत हेच होतं का, ते मला कधीच कळणार नाही.

यंदा पोळ्याला थोरली बहीण आसेगावहून आली. तिला जवळ घेताना मानेला हात लागला आणि बोटांखाली गाठ आली. "काई दुखत नाही वं. सोयाबीन निघू दे, मंग पाहू." मी ओरडले, "आत्ताच्या आत्ता चाल!" दंड धरूनच दवाखान्यात नेलं आणि गाठीचा तुकडा तपासायला काढून घेतला. आठ दिवसांनी तिची काच माझ्याच टेबलावर आली. मी खुर्चीत बसले, उठले, बाहेर जाऊन आले, परत बसले.

लिम्फोमाच निघाला. पण वेळेत सापडला. औषध लागू पडतंय, दोन डोसांत गाठ निम्म्यावर आली. दवाखान्यात तिनं माझा हात घट्ट धरून विचारलं, "मले दुसऱ्याचा भरोसा नाही. तू सोता पाह्यलं नं?"

"हो," मी म्हणाले.

बाई, मी पाहिलं नव्हतं. काच सहकाऱ्याच्या हातात देऊन मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. ताईला हे सांगायची हिंमत अजून झालेली नाही. तुम्हाला सांगता येतं, कारण हा कागद कुठंच जायचा नाही.