काही ठेवायचं नाही

सोमवार, ८ जानेवारी

नोकरी लागली, या वयात! भाची लेस्यानेच लावली. गावच्या सहकारी धान्यकोठारात ती वजनकाट्याच्या खिडकीवर बसते. शेत विकून मी तिच्या तळघरात राहायला आलो, त्याला फार दिवस झाले नाहीत. आज तिने मला हाताला धरून मॅनेजर लॉर्नपुढे उभं केलं. म्हणाली, माझा वुयको दिवसभर घरात बसून नळ गोठतील का, छत कोसळेल का, एवढंच विचारतो. याला काम द्या, नाहीतर मला वेड लागेल. वुयको म्हणजे आमच्या जुन्या देशाच्या भाषेत मामा. माझी बहीण गेली, आता मला आपलं म्हणणारी ही एकटीच उरली आहे.

काम कॉम्प्युटरचं. ऑफिसातली यंत्रं म्हातारी आहेत, कारण काट्याची जाड वायर त्यांच्याच पाठीत बसते. नव्या यंत्राला तसं भोकच नसतं. आता वरच्या ऑफिसचा हुकूम आलाय की खोकी राहू द्या, पण आतलं सगळं नवं करा. मी सहावीत शाळा सोडली, वाचायला वेळ लागतो. पण ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हापासून तेही उघडून बसत आलोय. दुपारी लेस्याने डब्यातून मलईतले कोबीचे रोल दिले आणि बजावलं की किबोर्डवर मलई सांडलीस तर बर्फात झोपवीन.

बुधवार, १० जानेवारी

आज लॉर्नचं यंत्र केलं. सुरुवातीलाच पडदा विचारतो: जुनं ठेवायचं, की काही ठेवायचं नाही? मी सावकाश वाचलं. इंजिन उघडलं की काजळी पुसूनच काढायची, ही माझी सवय. लॉर्नचे फोटो, कागद आधी बाजूला काढले, तरी पुन्हा पुन्हा जाऊन त्याला विचारत राहिलो की काही राहिलं नाही ना. तो वैतागला. म्हणाला, म्हाताऱ्या, माझ्या आयुष्यात ठेवण्यासारखं आहेच काय, दाब एकदाचं!

मग ‘काही ठेवायचं नाही’ दाबलं. यंत्र वासरासारखं पळायला लागलं. इतकं बरं वाटलं, की तोच आदेश बाकी सगळ्या यंत्रांना, मला दिलेल्या यंत्रालाही, एकदम देऊन टाकला. आता आपापल्या दिवशी ती आपोआप नवी होतील. पुन्हा वाचत बसायला नको.

शुक्रवार, १२ जानेवारी

सकाळच्या कॉफीच्या पंगतीत फासे टाकतात. ज्याचा आकडा लहान, त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. लॉर्न फाशांत लबाडी करण्यात पटाईत. आज त्याच्या हातात फासे दिले तर ते उलटेसुलटे करून पाहत राहिला. मग नम्रपणे विचारलं, यांचं काय करायचं असतं?

सगळे हसले. बियाण्याच्या काउंटरवरचा ऑरेस्ट म्हणाला, बायकोने अखेर भांड्यांबरोबर याचं डोकंही घासून काढलं वाटतं. लॉर्नही हसला, पण आधी इतरांची तोंडं पाहून.

मला जेवण गेलं नाही. लेस्या म्हणाली, मिळाला ना काळजीला विषय? आता सुखाने जेव.

मंगळवार, १६ जानेवारी

काल ऑरेस्टचं यंत्र आपोआप झालं.

ऑरेस्टचं सख्ख्या भावाशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आज तो भाऊ ट्रक घेऊन आला. ऑरेस्टने दार उघडून धरलं, हसला, म्हणाला, या साहेब, काय हवं तुम्हाला? भाऊ तिथेच रडायला लागला. त्याला वाटलं, मिटलं सगळं. मग ऑरेस्टने त्याचं आडनाव विचारलं, आणि ते कसं लिहायचं तेही.

दोघांचेही आधी काढून ठेवलेले फोटो मी त्यांच्या यंत्रांत परत घातलेत, एकूण एक. लॉर्न पाहतो, ऑरेस्ट पाहतो. दोघंही म्हणतात, छान आहेत.

बुधवार, १७ जानेवारी

लेस्याचं यंत्र शुक्रवारी आहे.

आदेश मागे घेता येईना. वरच्या ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली की एकदा पाळीत लागलं की थांबत नाही, आणि आजोबा, घाबरू नका, त्याने काही बिघडत नसतं.

लेस्याला सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, वुयको, माझ्या डोक्यातला कचरा पुसायला तुझ्या डब्याला जन्म जाईल. मग काचेतून ऑरेस्टकडे बघत राहिली. तो रिकाम्या काउंटरला हसत उभा होता. हळूच म्हणाली, माझं बंद ठेव. वजनं हाताने लिहीन.

गुरुवार, १८ जानेवारी

तिच्या यंत्राचा प्लग काढला. वायर टेबलावरून खाली सोडून दिली. पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. वीज नाही तर काही होणार नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

थंडी उणे अडतीस. ऑरेस्ट सगळ्यांच्या आधी आला.

इथे हिवाळ्यात लोंबता प्लग कोणी तसा सोडत नाही. इंजिन गरम राहावं म्हणून उभ्या गाड्याही वायरने विजेला जोडून ठेवतात; गाडी कोणाचीही असो, तिची वायर सुटलेली दिसली की लावायची, नाहीतर इंजिन गोठतं. एवढं मात्र त्याच्यात राहिलं होतं. त्याने लेस्याच्या यंत्राचा प्लग लावला. पडदा निळा झाला. मला म्हणाला, साहेब, तुमची वायर सुटली होती.

मी आभार मानले. तोंडातून तेच निघालं.

लेस्या दारात होती. बुटांचा बर्फ झटकत मला शिव्या घालत होती, डबा घरी विसरलास म्हणून— मधेच थांबली. बूट नीट पुसले. मला सुप्रभात म्हणाली.

शनिवार

तिला तिच्या आईचा फोटो दाखवला. छान आहेत या बाई, म्हणाली. मी कोण, विचारलं. तळघरातले भाडेकरू ना, म्हणाली. प्रेमाने म्हणाली.

नळ गोठलाय. काही वाटलं नाही.

रविवार

काही नाही.

सोमवार

आज माझ्या यंत्राची पाळी. सकाळपासून प्लग हातात धरून बसलो होतो. लेस्या आली. म्हणाली, सुटलीय का, द्या, मी लावते. दिला. का दिला— तिचा हात लागला हाताला, गरम होता—

पडदा निळा झालाय. प्रश्न विचारलाच नाही. मीच सांगून ठेवलंय.

फोटो तर ठेवले. फोटोत नाही ते लिहायला हवं. लवकर. ती लहान होती, ओट धान्याच्या कोठीत पडली— गळ्यापर्यंत आत— बहीण बाहेर ऊर बडवत होती— मी कंबरेला दोर बांधून उतरलो, काखेत धरून ओढली, ढीग सोडेना— वर आली तेव्हा तोंडात ओट, नाकात ओट. थुंकली. माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली—

म्हणाली—

ती मुलगी