स्लॅबवरची माती

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

फोनवर आपण रोज बोलतो, तरी आज मुद्दाम लिहायला बसले आहे. फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवली का" म्हणता आणि ठेवून देता. मला जे सांगायचं आहे, ते तुम्ही एकदा वाचावं, बाजूला ठेवावं, शेतात एक चक्कर मारून यावी आणि मग पुन्हा वाचावं, असं वाटतं. पण आधी गच्चीची खबर देते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. चिवळ उगवली. नुसती उगवली नाही, पसरली. काल पहिल्यांदा खुडली, मुगाची डाळ टाकून केली आणि एकटीनंच सगळी खाल्ली. तुमच्या हाताची चव नव्हती, पण दाताखाली मातीची कचकच अजिबात नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात हे घर कसं तापलं होतं, तुम्हाला आठवत असेल. अनुपनं बडनेऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीत असताना हौसेनं बांधलं, पण वर झाड नाही, सावली नाही. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या शेतातली माती तपासून मी घरी यायची, तर पंखा गरम वारा फेकायचा आणि गादीला हात लावला की हात मागे घ्यावा लागायचा. तुम्ही दोन रात्री राहिलात आणि म्हणालात, "या भट्टीत तू कशी राहून राहिली व? मी त नाई राहू शकत." आणि सकाळच्या गाडीनं दर्यापूरला परतलात. तुम्ही गेल्यावर मी गच्चीवर गेले. तेव्हाच मनात आलं की हा स्लॅब झाकायचा, आणि झाकायचा तर जिवंत हिरवाईनं झाकायचा.

रोहित नावाचे एक इंजिनिअर आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी ठोकून, मोजून सगळं पाहिलं. अनुपनं कॉलम वरच्या मजल्याच्या हिशेबानं घेतले होते, म्हणून घर वजन पेलेल म्हणाले. पण एक बजावलं, "मॅडम, कोरड्या मातीचं वजन मले सांगू नका. ऑगस्टमधे भिजून बसली का किती भरते, ते पाहून माती निवडा." आणि दुसरं सांगितलं ते जड गेलं. कॉलमच्या वर काढून ठेवलेल्या सळया गंजल्या होत्या, त्यांच्या कडेनं पाणी आत मुरत होतं. गच्ची नीट बंद करायची तर त्या कापाव्या लागणार होत्या. म्हणजे वरचा मजला नाही. तो मजला अनुपनं तुमच्यासाठी ठरवला होता, आणि तो वारल्यावरही त्या सळयांना मी हात लावला नव्हता. मी रोहितना थांबा म्हटलं आणि तुम्हाला विचारायची हिंमत होईपर्यंत मातीच्या मागे लागले.

तुम्हाला फक्त एवढंच कळवलं होतं की स्लॅबवर बाग करायची आहे, तर तुम्ही बसच्या टपावरून आपल्या शेतातल्या काळ्या मातीची पोतीच पाठवलीत. "सोनं आहे ते, काईबी लाव." मी भाजीचे जुने क्रेट आणले आणि एकात तीच भरली, शेणखत घालून. आई, शेतात ती सोनंच आहे, तिथं तिला खाली जायला जागा आहे. इथं वीतभर थरात तिचं काही चालेना. मे महिन्यात तिला अशा भेगा पडल्या की बोट आत जात होतं, आणि पावसाळ्यात तोच क्रेट फुगून चिखल झाला, पाणी वरच थांबून राहिलं. भिजल्यावर मला तो जागचा हलवता आला नाही. दुसऱ्या क्रेटमधे मी माझी अक्कल चालवली. नारळाचा भुसा आणि गांडूळखत, एकदम हलकं. ते पावसात खाली बसलं, निम्मं झालं, आणि सप्टेंबरच्या उन्हात एकदा जे कोरडं पडलं, ते पुन्हा पाणी पिईना. झारीनं ओतलं की कडेनं वाहून जायचं. लावलेला पुदिना हातानं उचलला, तर मुळासकट वर आला.

तेव्हा मला अकोल्याचे सागर आठवले. त्यांची तिथं रोपवाटिका आहे, मातीचे नमुने घेऊन आमच्याकडे यायचे, एवढीच ओळख होती. ते म्हणाले, कुंड्यांत ते विटांची चुरी घालतात. पक्की भाजलेली वीट फोडून, चाळून. पाणी धरते, पण फुगत नाही. मी म्हटलं, त्यात कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा कोळसा घालून पाहू, म्हणजे खत धुऊन जाणार नाही. मग दर सुटीला ते एखादं पोतं घेऊन यायचे आणि आम्ही गच्चीवर मिसळत बसायचो. कधी चुरी जास्त व्हायची, कधी खत. भिजवायचं, वजन करायचं, खालून पाणी किती वेळात निघतं ते बघायचं. एकदा मिश्रण इतकं बिघडलं की त्यात काँग्रेस गवतसुद्धा नीट उगवेना, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसले होते. खालून शेजारच्या दुर्गाबाईंनी विचारलं, काय झालं म्हणून.

सोयाबीन निघाल्यावर तुम्ही आलात, तेव्हा ते गच्चीवरच होते. तुम्ही सरळ मातीपाशीच बसलात. क्रेटमधलं मिश्रण मुठीत दाबलंत, मूठ उघडलीत आणि म्हणालात, "याच्यात मुळायले धराले काई नाई. थोडी आपली माती टाक. थोडीच टाक पन." आम्ही टाकली, दहा टोपल्यांत एक. त्या टोपलीनं मिश्रण एकजीव झालं. मग तुम्ही त्या सळयांपाशी गेलात, एकीला हात लावलात, हाताला लागलेला गंज पदराला पुसलात. मी काही बोलायच्या आत म्हणालात, "काप. गंजून राहिल्या त्या." आणि खाली जाऊन तिघांसाठी भाकरी टाकल्या. सागरना वाढताना तुम्ही त्यांना "घ्या" म्हणाला नाहीत, "घे" म्हणालात. ते मी ऐकलं होतं.

दिवाळीनंतर काम झालं. तळाला पाणी अडवणारा थर, त्यावर विटांचे मोठे तुकडे, कापड आणि मग आपलं मिश्रण, वीतभर. घोळ, चिवळ, कोरफड, कडेला थोडं गवत. या एप्रिलमधे बाहेर अंग भाजतं, पण दुपारी मी आतल्या खोलीत झोपू शकते. भिंतीला पाठ टेकून बसता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. सागरनी मला लग्नाचं विचारलं आहे. त्यांचं पहिलं लग्न कोर्टातून मोडलं, त्याला बरीच वर्षं झाली, मूल नाही. त्यांची आई पार्बताबाई अकोल्याच्या बाजारात फुलं विकतात. जात वेगळी म्हणून आधी गप्प राहिल्या, आता म्हणतात, पोरगी घेऊन ये. मी सागरना अजून हो म्हटलेलं नाही. मन हो म्हणून बसलं आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण अनुपच्या, तुमच्या लेकाच्या घरात बसून तुमच्या आधी दुसऱ्या कोणाला हो म्हणणं मला जमत नाही. तुम्हाला चालत असेल तर सागर इथं राहतील आणि बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला जाऊन-येऊन करतील. इथं राहिलेलं चालत नसेल, तर घर तुमचं, मी अकोल्याला जाईन, आणि माझ्या मनात काही राहणार नाही. येत्या रविवारी मी एकटीच दर्यापूरला येते आहे. तुम्ही रागवा, रडा, काहीही बोला, मी ऐकून घेईन. फक्त एक मागायचं आहे. लग्न झालं तर विहारातच होईल, आणि तिथं मुलीच्या बाजूनं कोणीतरी उभं राहावं लागतं. मला आई नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही उभ्या राहाल का?

तुमचीच, आणि कुठेही गेले तरी तुमचीच,
प्रियदर्शनी