एकोणिसावी वडी

विन्सेस, ३ जून

चि. नार्सिसा हिस ताईचे अनेक आशीर्वाद. फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र लिहिते.

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. खाली छापलंय, ‘ग्वायाकिलची सोन्याची जीभ’. आपला भाऊ एफ्रेन गावभर दाखवून आला. मी मात्र जळले, खोटं कशाला बोलू? लहानपणी बाबा भाजलेले कोकोचे दाणे दोघींच्या तोंडात घालायचे. तू डोळे मिटून संत्र्याची साल, जाईची फुलं असलं काही बोललीस की तुला उचलून घ्यायचे आणि मला म्हणायचे, तू जा, आंबवायच्या पेटीतले दाणे हलव. तीस वर्षं मी पेट्याच हलवतेय. आंबलेल्या दाण्यांचा वास केसांतून जात नाही, आणि तू म्हणे जिभेसाठी कॉफीसुद्धा सोडलीस!

आता कामाचं. एफ्रेन बाबांची कोकोची जुनी झाडं तोडून भरघोस पिकणारी नवी जात लावायला निघालाय. भांडभांड भांडले तेव्हा कबूल झाला, की यंदाच्या स्पर्धेत आपल्या चॉकलेटला पदक मिळालं तर झाडांना हात लावणार नाही. मी घरीच वडी करून पाठवलीय. तू परीक्षक, म्हणून क्रमांक सांगत नाही. बहीण म्हणून अर्धा गुणही वाढवू नकोस.

केळी तळताना तुझी आठवण येते. लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही असू दे.
तुझी देल्फिनाताई

ग्वायाकिल, १९ जून

ती. देल्फिनाताईस नार्सिसाचा शि. सा. नमस्कार.

परवा बत्तीस वड्या चाखल्या. आधी कानाशी मोडून ऐकायची, मग हुंगायची, मग न चावता जिभेवर विरघळू द्यायची. एकोणिसावी विरघळली आणि आधी जाई, मग संत्र्याची साल, आणि शेवटी बाबांच्या पेटीच्या जुन्या लाकडाची चव. ही तुझीच, मी ओळखलं. बाकीचे चौघे परीक्षक डोळे मिटून गप्प बसले होते. माझ्या कुठल्याच गोष्टीवर कुणी असं गप्प झालेलं नाही ताई. मी नुसती चाखणारी. तुझ्यासारखं करता मला काहीच येत नाही.

मी कागदावर लिहिलं, ‘धुराचा दोष’. ओले दाणे जाळावर सुकवले की लागतो, तो. दहापैकी तीन गुण दिले. धूर नव्हता. झाडं आठवली तेव्हा कागद सीलबंद झाले होते. शुक्रवारी निकाल.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
नार्सिसा

विन्सेस, २७ जून

नार्सिसास आशीर्वाद, नेहमीच्या सवयीने.

आपल्याला तिसरं पदक मिळालं. आपली वडी सव्विसावी. एफ्रेनने उसनी आणलेली करवत परत केली. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं.

एकोणिसावी ओढ्यापलीकडच्या सेफेरीनोकाकांची. बाबांच्या जुन्या पेट्या मी गेल्या वर्षी त्यांना दिल्या, स्वतःला नव्या करून घेतल्या. काका चौथे आले. खरं सांगू? तुझं पत्र मी दोन दिवस लपवून ठेवलं. पदक भिंतीवर होतं आणि झाडं उभी होती. काल काका केळ्यांचा घड घेऊन अभिनंदनाला आले. परीक्षकांचा शेरा दाखवून म्हणाले, पोरी, तुला कळतं, जरा बघ ना, माझ्या दाण्यांना धूर कुठून लागला? म्हातारा निकालापासून पेट्या हुंगत बसलाय.

आजच्या आज समितीला खरं लिही. आणि काकांच्या वडीत तुला मी दिसले, माझ्या वडीत दिसले नाही, याचा राग मला जास्त आला आहे.

देल्फिना

ग्वायाकिल, ५ जुलै

ती. ताईस नमस्कार.

लिहिलं. तिसरं पदक काकांना, तू चौथी. मला परीक्षक मंडळातून काढलं. रविवारी काकांच्या पाया पडायला येते. एफ्रेनशीही बोलले. माझ्या वाट्याची जमीन त्याला दिली, नवी रोपं तिथे लावेल. जुन्या झाडांना हात लावणार नाही, तसं लिहून घेतलं आहे.

सव्विसाव्या वडीचा माझा कागद मागवून पाहिला. दहापैकी दहा. बाजूला लिहिलंय, ‘हे करणारीचे हात एकदा बघायचे आहेत.’ अगदी मनापासून लिहिलं होतं ताई. तुझे आहेत हे कळलं असतं, तर लिहू शकले नसते.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.
तुझी नार्सिसा