प्रभुभोजनाच्या आधी

मलावी, सरोवराकाठचं गाव
बुधवार, २१ मे २०२५

प्रिय विजू,

सप्रेम सलाम. सौ. सुमित्रालाही माझा सलाम सांग.

एकोणीस वर्षांनी दादाचं पत्र आलं, तेही आफ्रिकेतून, म्हणून घाबरू नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. अशोका गार्डनमधलं तुझं घर माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. तेवढं अंतर काही मला कापता आलं नाही, आणि आता इथून लिहितोय. हसलास तरी चालेल.

तिकडे भोपाळला पारा बेचाळीसच्या वर गेला असेल. इथे सकाळी स्वेटर घालावा लागतो. आपल्या चर्चच्या मंडळीच्या सेवा-योजनेत आम्ही सहकुटुंब तीन आठवड्यांसाठी आलो, मी, रत्नप्रभा, अक्षय, सून श्रुती आणि दहा वर्षांची जुई. श्रुती इथल्या छोट्या दवाखान्यात नर्सचं काम करते. अक्षयने दवाखान्यावर पत्रे बसवले. मी हातपंप दुरुस्त केला. कारखान्यात छत्तीस वर्षं एवढाली टर्बाइनं जोडली, पण कुणी टाळीसुद्धा वाजवली नव्हती. इथे पंपाला पाणी आलं तर बायकांनी गाणं म्हणत माझ्याभोवती फेर धरला आणि मी, तुझा दादा, नाचलो. जुईकडे व्हिडिओ आहे, नाही म्हणायची सोय नाही.

आता शेवटचे पाच-सहा दिवस उरलेत. काम संपलंय, त्यामुळे मी सकाळी सरोवरावर जाऊन बसतो. पलीकडचा काठ दिसत नाही. पाण्यातून धुराचे उंचच उंच खांब उठतात आणि हळूहळू गावाकडे चालत येतात. पहिल्या दिवशी मी आग आग म्हणून ओरडलो. ती आग नव्हे, चिलटं! कोट्यवधी चिलटं. लोक टोपल्या हवेत फिरवून ती पकडतात आणि त्यांच्या वड्या थापतात. रत्नप्रभाने चव घेतली आणि 'सुकट बरी' म्हणाली. त्या खांबांकडे बघत बसलं की आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. परवा वाटलं, मी आपल्या मोठ्या तलावाच्या काठी आहे, तू गुडघाभर पाण्यात उभा आहेस आणि आई मागून तुला हाका मारतेय. वळून बघितलं तर वाळत घातलेली जाळी. असो. पंपाचं सांगत होतो. वॉशर इथे मिळेना, तेव्हा जुन्या टायरचा कापला.

पंपाचं सांगून झालं. आता मुद्द्यावर येतो.

येत्या रविवारी इथे प्रभुभोजन आहे. तुला आठवत असेल, आपल्याकडे भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी पाळकसाहेब विचारतात, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का. आपण पुस्तकातलं उत्तर एका दमात वाचतो आणि पुढे सरकतो. इथे तसं नाही. इथे आदल्या आठवड्यात ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दारात जाऊन समेट करायचा. माणूस दूर असेल तर निरोप धाडायचा, आणि उत्तर येईपर्यंत रविवारी बाहेर आंब्याखाली बसायचं. इथले पाळक, फिरी त्यांचं नाव, एकदा स्वतःच एका शेळीच्या भांडणापायी बाहेर बसले होते म्हणे. तेव्हा भोजन दिलं कुणी, हे विचारायचं राहिलं.

गेल्या रविवारी त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तुमचं कुणाशी बिनसलंय का? अक्षयने मराठीत करून सांगितलं. मी पडलो मंडळीचा जुना पंच. सवयीने म्हणालो, "छे, कुणाशीच नाही." आणि ते थांबले. पुस्तकातलं पुढचं वाक्य आलंच नाही. अख्खी मंडळी माझ्याकडे मायेने बघत थांबून राहिली. रत्नप्रभा तेवढी जमिनीकडे बघत होती.

तू सुमित्राशी कोर्टात लग्न केलंस आणि तिच्या आईवडिलांच्या समाधानासाठी त्यांच्या देवळात हार घातलेस. मंडळीच्या यादीतून तुझं नाव काढायचं की नाही, यावर पंचांची मतं निम्मी-निम्मी पडली आणि निर्णायक मत मी दिलं, हे तुला माहीत आहे. माझ्यावर दबाव होता असं तुला सांगितलं गेलं. दबाव कसला? विषयही मीच काढला होता. बाकीचे पंच समोसे कधी येतात याची वाट बघत होते. सख्ख्या भावाचीसुद्धा गय करत नाही, असं लोकांनी माझ्याबद्दल म्हणावं, एवढीच माझी हौस होती. त्यानंतर जवाहर चौकातल्या तुझ्या दुरुस्तीच्या दुकानासमोरून मी मान वळवून जात राहिलो. मिक्सर बिघडला तर एम. पी. नगरला नेत होतो, पण तुझ्याकडे नाही.

मला क्षमा कर.

अक्षय उद्या सामान आणायला शहरात जाऊन परवा परतणार आहे. या कागदांचे फोटो तो तिथून पाठवील. तुझा नंबर कुठून मिळवायचा असं मी काळजीने विचारलं, तर बायको, मुलगा आणि नात तिघांनी एकदम तोंडपाठ सांगितला. मिक्सर आजवर कोण दुरुस्त करत होतं तेही तेव्हाच कळलं. मी एम. पी. नगरला टाकून यायचो, आणि तुझी वहिनी तो दुसऱ्या दिवशी उचलून तुझ्याकडे आणायची.

तुझा,
दादा


रविवार, २५ मे २०२५
दुपार

प्रिय विजू,

तुझं उत्तर शुक्रवारी संध्याकाळी आलं. अक्षयने फोन माझ्या हातात दिला आणि सगळे कामं असल्यासारखे बाहेर निघून गेले. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. "दादा, पत्र वाचलं. सुमित्रालाही वाचून दाखवलं. ती म्हणते, आंबे संपायच्या आत या. मी काय बोलू? जाने दो अब. रविवारी आत जाऊन बस."

बाजूला अंगठ्याचं पिवळं चित्रही होतं.

काल दिवसभर मी हवेत होतो. गावात सगळ्यांना कळलं की म्हाताऱ्या पाहुण्याच्या भावाचं उत्तर आलं. बायका येऊन हात हातात घेऊन जात होत्या. पाळक फिरींनी मला पहिल्या रांगेत जागा ठेवली. मंगळवारी आम्ही निघणार म्हणून आजचं भोजन आमच्यासाठीच आहे, असं ते म्हणाले.

आज सकाळी मी धुतलेला सदरा घालून दारापर्यंत गेलो. आत गाणं सुरू झालं होतं. रत्नप्रभा पुढे होती. मी म्हणालो, "तू जा आत." ती म्हणाली, "अहो, उत्तर आलंय ना भाऊजींचं? आता काय राहिलं?"

मी आंब्याखाली जाऊन बसलो.

तिथे आधीच एक आजी बसल्या होत्या. त्यांचा भाऊ दक्षिण आफ्रिकेत खाणीवर गेला, त्याचा पत्ताच नाही, म्हणून दोन वर्षं त्या प्रत्येक भोजनाला बाहेर बसतात म्हणे.  त्या सरकल्या आणि चटईची अर्धी बाजू मोकळी करून दिली. आतलं गाणं ऐकू येत होतं, त्या खालच्या पट्टीत साथ देत होत्या. ऊन पानांतून हलत होतं. मला झोप लागत होती की जाग येत होती कुणास ठाऊक. मध्येच वाटलं, आत भोपाळच्या आपल्याच चर्चमधली मंडळी आहे आणि तू पेटी वाजवतोयस. मग भाकर वाटली जात असताना आत एकदम शांत झालं आणि मी रडलो. आजींनी माझ्या पाठीवर थोपटलं.

विजू, तू क्षमा केलीस ती यादीतल्या नावाची. दुसरी गोष्ट तुला माहीतच नाही. ती न सांगता मी आत जाऊन भाकर घेतली असती तर कुणालाच कळलं नसतं, आणि गुरुवारी तुझ्या घरी आंबेही खाल्ले असते. तुझं उत्तर वाचल्यापासून मला हेच टोचतंय.

आई गेली तेव्हा मी तुला फोनवर सांगितलं, "झोपेतच गेली, कुणाला काही कळलंच नाही." ते खोटं होतं. ती चार दिवस अंथरुणावर होती आणि पूर्ण शुद्धीवर होती. रत्नप्रभा त्या आठवड्यात तिच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होती आणि अक्षय-श्रुती तेव्हा नोकरीसाठी परगावी. घरात मी एकटाच. आई रोज तुझं नाव काढायची. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "निरोप दिलाय, येतोच आहे." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिने मला तिची खाट फिरवायला लावली, दार दिसेल अशी. मी फिरवली. पण फोन नाही केला. तू सुमित्राला घेऊन घरात येशील, शेजारचे पंच बघतील, म्हणतील बाहेर एक आणि घरात एक, याची मला भीती होती. एवढ्याशा भीतीसाठी, विजू. चौथ्या दिवशी दुपारी ती दाराकडे बघतच गेली. तू आलास तेव्हा मी खाट पुन्हा भिंतीला लावून ठेवली होती.

हे अकरा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. आज या चटईवर, भोजनानंतर, पहिल्यांदा रत्नप्रभाला सांगितलं.  ती उठून सरोवराकडे गेली आहे आणि अजून आलेली नाही.

यावर क्षमा मागायला माझं तोंड होत नाही. हे पत्र मी हाती देत नाही, मुद्दाम आधी पाठवतोय. मंगळवारी विमानतळाच्या वाटेवर जुई फोटो पाठवील. आम्ही गुरुवारी भोपाळला पोचतो. तू ये म्हणालास तर त्याच पावली येईन. काहीच उत्तर आलं नाही, तर ते का आलं नाही हे मला कळेल आणि मी तुझ्यावर रागावणार नाही. फक्त वहिनीला आणि जुईला दार बंद करू नकोस, त्यांचा यात काही दोष नाही.

एक राहिलं. आईने तुझ्यासाठी निरोप ठेवला होता. तो तुझा आहे, मी उगाच माझ्याजवळ दडवून ठेवला. तिचेच शब्द लिहितो, पदरचा एकही घालत नाही.

"विजूला म्हणावं, एकटा येऊ नकोस, सुनेला घेऊन ये. तिच्या हातचा चहा पिईन मी. सगळ्यांना सांगेन, माझ्या सुनेने केलाय."

अकरा वर्षं उशिरा निरोप पोचवणारा,
सुधाकर