ठमीचा ढोल

तुझ्या ताई नर्स आहेत, त्या मार लागला तेव्हाच सांगत होत्या, "डोक्याचा मार छोटा म्हणून सोडू नकोस, दुखत राहिलं तर दाखव." कपाटाच्या दाराचा टोला तो केवढासा, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण डोकेदुखी हटत नाही, आज अक्षरंही हलतायत. ताईंबरोबर दवाखान्यात जातेय. तुझं जेवण झाकून ठेवलंय.

ते दार आपल्या ठमीने उघडं ठेवलं होतं. मी तिला एका शब्दाने बोलले नाही, तरी आज तिने तिचा ढोल शेजारच्या काकूंच्या नातवाला देऊन टाकला. म्हणाली, "आई, मी आता आवाजच करणार नाही, मग तू बरी होशील ना?"

ती काकूंकडेच आहे. आल्याबरोबर आधी तिला बघ. गप्प बसली असेल, तर शहाणी म्हणू नकोस.